शोभा टॅप करत नाही

शोभा तायडे गादीवर उताणी पडली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. डोळे अर्धवट उघडे, हात दोन्ही बाजूंना सैल. तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसलेली कमलेश घाबरून माझ्याकडे बघत होती. "मैडम, इसने टैप ही नहीं किया," ती म्हणाली. "ढीली पड़ी तो मैंने छोड़ दिया, कसम से."

मी शोभाचे पाय उचलून धरले. डोक्याकडे रक्त वळावं म्हणून एवढंच करायचं असतं. पाण्याचे हबके वगैरे सिनेमात मारतात. जरा वेळाने तिचा उजवा पाय माझ्या हातात झटका देऊन हलला, पापण्यांची उघडझाप झाली. तिने आधी छताकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, किती वेळ झोपले होते मी?"

"झोपली नव्हतीस. बेशुद्ध पडली होतीस. पाच-सात सेकंद."

"इतकंच?" ती म्हणाली, आणि तिचं तोंड एकदम उतरलं. सुट्टी संपली असं कुणी सांगितल्यावर माणसाचं उतरतं तसं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नवरा फौजेत, त्याचं पोस्टिंग जयपूरला, आणि मी साताऱ्याची, अंगात ज्युदो मुरलेली, घरी बसून लोणची घालायला नकार देणारी. रेल्वेच्या महिला संघाला कोच हवी होती, मला मॅट हवी होती. मॅट म्हणजे काय, तर कापसाच्या गाद्या एकमेकींना शिवून वर जाड कॅनव्हास ताणलेला. रेल्वे कॉलनीतल्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे क्लबच्या, हॉलमध्ये बॅडमिंटनच्या कोर्टावर त्या गाद्या घालायच्या, आणि संध्याकाळी बॅडमिंटनवाले साहेब लोक यायच्या आत गुंडाळून ठेवायच्या. संघात सगळ्या रेल्वेत नोकरी करणाऱ्या बायका. कुणी तिकीट खिडकीवर, कुणी पार्सल ऑफिसात. शोभा टेलिफोन ऑपरेटर होती.

त्या वेळी लोक "ज्यूदो-कराटे" असं एका दमात म्हणायचे आणि आम्ही विटा फोडतो असं समजायचे. आम्ही काहीही फोडत नव्हतो. जुजुत्सू नावाची जपानी झटापटीची जुनी विद्या आहे. हाताला हात भिडवून समोरच्याला पाडायचं, दाबून धरायचं, सांधा अडकवायचा नाहीतर गळा आवळायचा. ज्युदो त्यातूनच निघाला; धोकादायक गोष्टी वगळल्या, उरलेल्यांना नियम लावले आणि त्याचा खेळ केला. गळा आवळणं मात्र राहिलं. आम्ही त्याला सरळ चोक म्हणायचो.

ऐकायला भयंकर वाटतं, पण नीट लावलेल्या चोकमध्ये श्वास कोंडत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्याही समोरच्याच्याच कॉलरने. दुखत जवळजवळ नाहीच. कानात हलकं गुणगुणल्यासारखं होतं, कडेकडेने काळोख आत सरकतो आणि माणूस जातो, म्हणजे त्याची शुद्ध जाते. म्हणून या खेळात टॅप आहे. चोक बसला असं वाटलं की हाताने दोनदा थोपटायचं, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर नाहीतर गादीवर. थोपटलं की तो सोडतो. त्यात लाज नाही, कुणी हसत नाही, उठून पुन्हा पकड घ्यायची. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी पहिल्या दिवशी पाडायला शिकवत नसे, टॅप करायला शिकवत असे. शेजारणीच्या दारावर थाप देतो तशी द्यायची, ऐकू जाईल अशी.

मी स्वतः शिकत असताना एकदा गेले होते. टॅपला उशीर केला. कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसले होते आणि कुणीतरी शेजारी बसून माझ्यासाठी संत्रं सोलत होतं. सगळी साल निघाली, फोडी वेगळ्या झाल्या, आणि तेवढ्यात मला जाग आली. तीन-चार सेकंदांचा मामला. ते संत्रं मला अजून मिळालेलं नाही. सांगायचं कारण एवढंच, की शोभाच्या चेहऱ्यावरचं हसू मला अगदीच परकं नव्हतं.

त्या दिवशी मी तिला घरी पाठवलं आणि विषय सोडून दिला. नवखी माणसं टॅपला उशीर करतात. पण शोभा नवखी नव्हती. संघातली सगळ्यात चांगली खेळाडू होती. अंगाने बारीक, पण कंबरेत चपळाई अशी की कमलेशसारखी धिप्पाड बाई तिच्या पाठीवरून गादीवर कधी आली ते कमलेशलाच कळायचं नाही. हात अडकवला तर वेळेवर टॅप करायची. दाबून धरलं तर सापासारखी निसटायची. फक्त चोकलाच तिने टॅप केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. या वेळी मी मुद्दाम समोरून बघत होते, आणि जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. चोकपासून वाचायचा पहिला धडा म्हणजे हनुवटी छातीला टेकवायची. कॉलर आत शिरायला जागाच द्यायची नाही. पोरगी असो की पहिलवान, हे आपोआप होतं. गळ्याशी कुणाचा हात आला की मान खाली जातेच. शोभाने मान वर केली. न्हाव्यापुढे बसलेला माणूस दाढीला मान देतो तशी दिली. तिचा डावा हात पूर्ण मोकळा होता, गादीवर पडलेला. तो हललाही नाही.

नेमके त्याच दिवशी आमचे स्पोर्ट्स सेक्रेटरी माथुर साहेब हॉलमध्ये आले होते. माणूस वाईट नव्हता. क्रिकेटवाला होता, ज्युदोतलं फक्त मेडल त्याला कळायचं. पहिल्यांदा शोभा गेली होती तेव्हा बातमी त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांनी ऑफिसभर सांगितलं होतं की आमची मराठी लडकी मर जाएगी पर टैप नहीं करेगी, जिगर बघा. आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शुद्धीवर येताना तिचे दोन्ही पाय झटके देत होते. असं होतं, त्यात काही विशेष नाही. पण माथुर साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"मैडम, यह जिगर नहीं है. इसको तो दौरा पड़ता है."

मी त्यांना समजावलं. पाच मिनिटं समजावलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले की रेल्वेच्या डॉक्टरांना कळवावंच लागेल, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची.

हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. रेल्वेत तसं नसतं. रेल्वेत प्रत्येक नोकरीला मेडिकल कॅटेगरी असते. अमुक कामाला डोळे इतके चांगले हवेत, तमुक कामाला अंगात अमुक दोष नको. डॉक्टरांच्या कागदावर एकदा "फिट्स" हा शब्द आला की शोभा टेलिफोनच्या बोर्डावर बसू शकणार नव्हती. ज्युदो तर गेलाच. मग कुठल्यातरी स्टोअरमध्ये फायली उचलायला, आणि तेही कागद फिरून येईपर्यंत बिनकामाचं बसणं. तिच्या त्या नोकरीवर घर चालत होतं. नवरा इंजिनावर फायरमन होता, पण त्याच्या पगारातला मोठा वाटा त्याच्या भावांच्या शिक्षणाला गावी जायचा.

सराव संपल्यावर मी शोभाला हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. तिथे निंबाखाली पाण्याचा माठ असायचा. एप्रिलचं ऊन, लांब शेडमध्ये इंजिनं वाफ सोडत होती, आणि कॉलनीच्या भिंतीवर एक मोर बसून कुणालातरी हाका मारत होता. मी चिडलेली होते, आणि चिडले की मी आडवळणाने बोलत नाही. विचारलं, की तू मुद्दाम जातेस ना?

शोभा भुसावळची. वडीलही रेल्वेत, ती आठवीत असताना त्यांची बदली अजमेरला झाली आणि तिथून पुढची सगळी शाळा हिंदीत. आईवडील रिटायर होऊन भुसावळला परतले, ही लग्न होऊन राजस्थानातच राहिली. तिच्या मराठीला हिंदीची ठिगळं होती आणि माझ्याशी मराठीत बोलायची तिला मोठी हौस. त्या दिवशी ती आधी माठाशी वाकली. ओंजळीने पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"मॅडम, रागावू नका हां. मला ना, स्वप्नंच पडत नाहीत."

मी म्हटलं, म्हणजे?

"मतलब, किती वर्षं झाली. झोपते मी, पण तुकडे-तुकडे. डोळा लागला की सासूबाईंचा दमा. त्या झोपल्या की माझा पिंटू उठतो. तो झोपला की यांचा कॉलमॅन येतो सायकलवर, दार बडवतो. गाडी लागली, चला. मग माझी ड्युटी. आज सकाळची, उद्या दुपारची, मग रात्रीची. स्वप्न पडायला जरा वेळ लागतो ना, मॅडम? तितका वेळच मिळत नाही."

शास्त्री नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत ती चार माणसं राहायची. मी एकदा तिच्याकडे चहाला गेले होते. घर चकचकीत. बसल्या बसल्या तिची मान एकदा खाली गेली आणि कुठेतरी सायकलची घंटा वाजली तशी झटक्यात वर आली, ते मला आता आठवलं.

"आणि चोक बसला की?"

"आधी कानात गुंऽऽ होतं. बोर्डावर लाइन लागायच्या आधी होतं ना, तसंच. मग भुसावळचं क्वार्टर दिसतं. निंबाखाली बाज टाकलेली असते. आई म्हणते, झोप गं, मी आहे. आणि मी झोपते. पूर्ण दुपार झोपते, मॅडम. उठते तेव्हा ऊन उतरलेलं असतं."

"आणखी काय होतं?"

"काहीच नाही होत. एक मालगाडी जाते. खूप लांब. संपतच नाही."

तिने हे इतक्या सुखाने सांगितलं की माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्याच्या जागी भीती आली. मी तिला सांगितलं की हा खेळ नाही, मेंदूचं रक्त थांबतं. समोरची कमलेश आहे म्हणून लगेच सोडते, एखादीने घाईत आणखी दोन श्वास धरून ठेवलं तर तू त्या बाजेवरून उठायचीच नाहीस. ती मान डोलावत होती. म्हणाली, करीन ना टॅप, पक्का. आणि मला दिसत होतं की ती अगदी मनापासून बोलतेय आणि तरीही करणार नाही. गेली कित्येक वर्षं न झोपलेलं शरीर मालकिणीला विचारून थोडंच वागतं? गादीवर पाठ टेकली, मऊ काही मानेला लागलं, की ते आपलं काम उरकून घेणार.

सरावात मी चोक बंद करू शकत होते. सामन्यात कोण बंद करणार? ट्रायल्स पंधरवड्यावर आल्या होत्या. ट्रायल म्हणजे निवडीचे सामने. त्यातून झोनचा संघ ठरायचा. अजमेरची एक खेळाडू यायची होती, तिचं सगळं नाव चोकवरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी माथुर साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसले. शोभाने जे सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं नाही. बाजेची आणि मालगाडीची गोष्ट त्यांच्या फायलीत बसण्यासारखी नव्हती. एवढंच सांगितलं, की बाई झोपेविना अर्धी झालीय, तिला दौरे पडत नाहीत. कॅम्पच्या दिवसांत तिला सलग सकाळची ड्युटी द्या आणि दुपार माझ्या ताब्यात द्या.

"प्रैक्टिस बढ़ानी है? बहुत अच्छा."

"प्रैक्टिस नहीं, सर. नींद."

ते हसले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ हसले. मग म्हणाले, "मैडम, रेलवे सोने की तनख़्वाह नहीं देती."

मी म्हटलं, रेल्वेचं मेडल झोपलेल्या बाईला मिळणार नाही, हे तर तुम्हाला मान्य आहे? मग ती कुठे झोपावी ते मला ठरवू द्या. सामन्यात झोपण्यापेक्षा सामन्याआधी झोपलेली बरी.

मेडल या शब्दावर ते थांबले. टेलिफोनच्या सुपरवायझरबाईंना फोन लावला, बरीच हुज्जत घातली आणि ड्युटी बदलून घेतली. पण फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "एक बात सुन लीजिए. ट्रायल में मैं सामने बैठूँगा. वहाँ अगर वह फिर ऐसे ढेर हुई, तो उसी शाम डॉक्टर साहब को लिखूँगा. फिर मुझसे कुछ मत कहिएगा."

मी "ठीक है" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दुपारपासून आमचा अजब कॅम्प सुरू झाला. एक वाजता सगळ्या जमायच्या. डबे खायचे. मग मी हॉलची दारं लावून घ्यायची, कूलरच्या वाळ्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि सांगायचं, झोपा. शोभाला एकटीला झोपवलं असतं तर तिला ओशाळं वाटलं असतं, म्हणून सगळ्यांनाच झोपवलं. सराव चार वाजता.

पहिल्या दिवशी सगळ्या झोपल्या आणि शोभा टक्क जागी. हात पोटावर ठेवून छताकडे बघत पडलेली. मी खुणेने विचारलं तर कुजबुजली, "मॅडम, अशी झोपायची सवय नाही. कोणी उठवणार नाही असं वाटतच नाही." दुसऱ्या दिवशी कॉलनीत कुणाची सायकल वाजली आणि ती ताडकन उठून बसली, कमलेशच्या घोरण्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची दाराला टेकवून मांडली आणि तिच्यावर बसले. तिला दिसेल अशी. आत यायचं तर माझ्यावरून यावं लागेल. तेव्हा ती कुशीवर वळली.

त्या दुपारी मला अजून आठवतात, आणि खऱ्या होत्या की नाही अशी शंका येते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही. आत ओल्या वाळ्याचा वास, वरच्या झरोक्यांतून आलेले उन्हाचे चौकोन, आणि ते चौकोन हळूहळू गादीवरून, बायकांच्या पायांवरून, पांढऱ्या ड्रेसांवरून सरकत चाललेले. दहा-बारा बाया, दिवसभर कुणाकुणाला तिकिटं देणाऱ्या, पार्सलं मोजणाऱ्या, घरी गेल्यावर पुन्हा उभ्या राहणाऱ्या, सगळ्या तोंडं उघडी टाकून झोपलेल्या. शेडमधल्या शिट्ट्या पाण्याखालून आल्यासारख्या यायच्या. मी जागी राहायचं ठरवलेलं असायचं, पण माझंही मन कुठल्या कुठे जायचं; हॉलच तेवढा सगळ्यांना घेऊन हळू चाललाय असं वाटायचं.

एक दिवस आंधी आली. राजस्थानात उन्हाळ्यात येते तशी, पिवळीधमक, क्षणात अंधार करणारी. झरोके बंद करायला शिडी नव्हती. वाळू आत येत राहिली, बारीक, पिठासारखी, आणि कुणीही जागं झालं नाही. आंधी गेली आणि उजेड परत आला तेव्हा गाद्या, ड्रेस, केस, पापण्या, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. जमिनीतूनच बायका उगवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांच्यात शोभा कुठली हे मला पटकन ओळखू येईना. मग दिसली, पालथी, एक गाल गादीला चिकटलेला, तोंडातून लाळ गळत होती. चार वाजले. मी शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खिशात टाकली. त्या दिवशी सराव झाला नाही. पुढेही मी बरीच वर्षं कोचिंग केलं, पण तेवढ्या अभिमानाने कुठल्याच सरावाकडे बघितलेलं नाही.

ट्रायल्स आमच्याच हॉलमध्ये झाल्या. शोभाचा पहिला सामना मिनिटभरात संपला. समोरची बाई हवेत होती आणि मग नव्हती. दुसऱ्यात तिने दाबून धरलं आणि तीस सेकंद सोडलं नाही, म्हणजे पूर्ण विजय. माथुर साहेब माझ्या शेजारी बसून स्वतःच्याच गुडघ्यावर थापा मारत होते. शेवटचा सामना अजमेरवालीशी. जी जिंकेल ती संघात.

अर्धा सामना शोभाच्या हातात होता. मग एका फेकीत तिचा तोल गेला, दोघी खाली आल्या, आणि अजमेरवाली तिच्या पाठीमागे जाऊन बसली. मला पुढचं सगळं आधीच दिसलं. एक हात काखेतून, दुसरा मानेवरून, कॉलरच्या दिशेने.

शोभाने हनुवटी खाली घेतली. छातीला घट्ट टेकवली. मी खुर्चीच्या कडेला आले. दोन्ही हातांनी ती समोरचीचं मनगट ओढत होती, गादीवर टाचा रोवत होती, झोपायला निघालेली बाई असं करत नाही. पण अजमेरवाली खरंच चांगली होती. तिने घाई केली नाही. बोटभर, मग आणखी बोटभर, आणि कॉलर हनुवटीखाली गेली.

माथुर साहेब उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. शोभाचा चेहरा आमच्या बाजूला होता. आधी तो लाल झाला, मग कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. पापण्या खाली येऊ लागल्या. ते गुणगुणणं आता सुरू झालं असणार, मी मनात म्हटलं, आणि आता बाज दिसत असणार. तिचे हात मनगटावरून सुटले. डावा हात गादीवर पडला. मला ओरडायचं होतं, पण ओरडलं की खेळाडू बाद होते.

हात उठला. जड, पाण्यातून उठवल्यासारखा. आणि तिने अजमेरवालीच्या दंडावर दोनदा थोपटलं. शेजारणीच्या दारावर थाप देतात तसं, आम्हाला ऐकू येईल असं.

रेफरीने सामना थांबवला. शोभा हरली होती. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि अजमेरची माणसं माझ्याकडे चमकून बघत होती की ही नक्की कुणाची कोच. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही. माथुर साहेब हळूच खाली बसले. मेडल गेल्याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "चलिए, डॉक्टर साहब की चिट्ठी तो बची." त्यांनी शब्द पाळला, हे मात्र सांगायला हवं.

शोभा माझ्याकडे आली तेव्हा मानेवर कॉलरचा लाल वळ होता. सॉरी मॅडम, म्हणाली. मी म्हटलं सॉरी कसलं, मला एकच सांग, दिसली होती का आई?

"दिसत होती ना. बाज पण टाकली होती."

"मग?"

"मग मी म्हटलं, आई, थांब जरा. झोप झालीय माझी. मतलब, मला पुढं काय होतंय ते बघायचं होतं."

मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. म्हणाली, मॅडम, सांगायचंच राहिलं. आंधी आली होती ना त्या दुपारी, तेव्हा एक पूर्ण स्वप्न पडलं. खरं, झोपेतलं. किती वर्षांनी. मी विचारलं, काय पडलं? तर बोर्डावर ड्युटी करत होती. सगळे दिवे एकदम लागले होते, सगळं जयपूर हॅलो हॅलो करत होतं, आणि ही बोर्डावर डोकं टेकवून स्वस्थ बसली होती. कुणालाही कुणाशी जोडलं नाही.

त्या वर्षी ती राखीव खेळाडू म्हणून संघाबरोबर गेली आणि बाकावर बसून परत आली. कॅम्प संपल्यावर ड्युट्या पुन्हा आलटून पालटून लागल्या, सासूबाईंचा दमा होता तिथेच होता, कॉलमॅनची सायकलही. पण दुपारची झोप आम्ही सोडली नाही. माझ्या नवऱ्याची बदली होईपर्यंत रेल्वेच्या लेखी तो सराव होता, आणि बॅडमिंटनवाल्या साहेबांना आमच्या गाद्यांवर दुपारी शांतता का असते हे कधी कळलं नाही.

मी रिटायर झाले आहे. नवे कोच कधीकधी विचारायला येतात. कुणीतरी अभिमानाने सांगतोच, की मॅडम, माझी एक मुलगी आहे, मेली तरी टॅप करत नाही. मी त्याला सांगते, कौतुक नंतर कर. आधी तिला विचार, घरी झोपायला मिळतं का.